गाडी कोण चालवत होतं?

"अंशुमनचं लायसन्स झालं का रे?"

बायकोने, आसावरीने, हे विचारलं तेव्हा उदय ओट्यापाशी उभा राहून हेल्मेटची काच पुसत होता. प्रश्न ऐकूच आला नाही असं दाखवण्याचा त्याने मनापासून प्रयत्न केला.

"उदय, मी तुझ्याशी बोलतेय. त्याला इकडे येऊन सोळा महिने झाले. इंडियन लायसन्सवर एकच वर्ष चालवता येतं ना?"

"अगं, जानेवारीत तो बहिणीच्या लग्नाला नागपूरला जाऊन आला की नाही? री-एन्ट्री झाली की बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे."

"ग्रुपवर! आणि सरकारच्या वेबसाइटवर काय लिहिलंय?"

"इतकं सुंदर ऊन पडलंय, आणि तू सकाळी सकाळी वेबसाइट घेऊन बस!" उदय ओरडलाच.

उदयचा हा स्वभावच होता. आपली बाजू लंगडी आहे हे आतून कळलं की त्याचा आवाज चढायचा. कारण वेबसाइट त्याने वाचली होती. वर्ष एकदाच मिळतं, ते इथे राहायला आल्या दिवसापासून मोजतात आणि मायदेशी चार दिवस जाऊन आल्याने ते नवं होत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, बटाटेवड्याच्या रांगेत, कुणीतरी कुणाला तरी हा नियम सांगितला होता आणि तो सगळ्यांच्या सोयीचा होता. वाचकहो, आपल्या लोकांत सोयीच्या गोष्टीला पुरावा मागायची पद्धत नाही. पुरावा आपण गैरसोयीच्या गोष्टीला मागतो!

उदय कॉव्हेंट्रीत बावीस वर्षं राहत होता. पासपोर्ट ब्रिटिश, नोकरी पक्की, गॅरेजमध्ये दोन मोटारसायकली. इथल्या मराठी मंडळींचा बाइकचा ग्रुप त्यानेच काढला होता. सगळ्यांना सारखी काळी जॅकेटं, पाठीवर भगवा पट्टा. अंशुमन हा त्या ग्रुपमधला सगळ्यात धाकटा. आयटीतला, वर्क व्हिसावर आलेला, बायको निधीला सहावा महिना. त्याला स्वतःची गाडी परवडत नव्हती, म्हणून उदयने आपली धाकटी सहाशे सीसीची गाडी त्याला चालवायला दिली होती. "अरे, आपल्यातच आहे, घेऊन जा," असं म्हणून किल्ली हातात ठेवताना उदयला फार मोठं वाटलं होतं.

आणि आज समुद्रकाठच्या स्केगनेसला जायचं होतं. जुलैचा रविवार, आभाळात औषधालाही ढग नाही.

उदयच्या मागच्या सीटवर बसणार होती मधुमती मावशी. ही आसावरीची मावशी, वय वर्षं बहात्तर. कॉव्हेंट्रीच्या कॅज्युअल्टीत तिने तीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. सहा वर्षांपूर्वी तिचे यजमान, काका, गेले. त्यानंतर ती फारशी कुठे जायची नाही, पण या उन्हाळ्यात तिने आपणहून सांगितलं होतं, "मला मोटारसायकलवरून समुद्र बघायचाय. मेल्यावर कोण नेणार मला?" कंबरेला पट्टा बांधून, आसावरीचं जॅकेट घालून ती सकाळी आठला दारात हजर होती.

लेस्टर मागे पडलं, न्यूअर्कला चहा झाला. पुढे सपाट शेतांमधून रस्ता सरळ पूर्वेला गेला आणि उदयचा पारा हळूहळू चढत गेला. एक ट्रॅक्टर अर्धा तास पुढे रेंगाळला. मग कॅरव्हॅनची रांग लागली. मग कोबीचा ट्रक. उदय प्रत्येकाला शिव्या घालत होता, आणि हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर त्या सगळ्यांना ऐकू जात होत्या.

"उदय, मलाही ऐकू येतंय बरं का," मागून मावशी म्हणाली.

"सॉरी मावशी. पण या लोकांना कळत नाही का, मागे माणसं खोळंबलीयत!"

"समुद्र कुठे पळून चालला नाहीये."

पण ज्याला त्याला आज समुद्रच गाठायचा होता. स्केगनेसच्या मुख्य रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. दोन्ही बाजूंनी चिप्सचा वास, हवेने फुगवलेल्या मगरी काखोटीला मारून चाललेली माणसं, उघड्या पाठी भाजून लाल झालेल्या. जॅकेटच्या आत उदयला घामाच्या धारा लागल्या होत्या. पुढे अंशुमन, त्याच्यामागे उदय, मग विनय आणि एका गाडीवर आणखी दोघं. सगळे एका जुनाट कॅम्परव्हॅनच्या मागे अडकले. व्हॅन थांबली ती थांबलीच.

"काढ रे उजवीकडून!" उदय इंटरकॉमवर खेकसला. "इथेच संध्याकाळ करायचीय का? काढ, काढ!"

अंशुमनने काढली.

व्हॅन झेब्रा क्रॉसिंगपाशी थांबली होती, आणि ती एका बाईला रस्ता देण्यासाठी थांबली होती. बाई डावीकडून आली, व्हॅनच्या तोंडासमोरून दोन पावलं पुढे झाली आणि अंशुमनची गाडी तिच्या अंगावर गेली. ब्रेकचा आवाज, मग दुसराच एक आवाज. बाई पट्ट्यांपासून दोन हात पलीकडे जाऊन पडली. गाडी आडवी झाली, अंशुमन घसरत जाऊन उठून उभा राहिला. त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

सगळ्यात आधी हलली ती मावशी. उदयने गाडी उभी करायच्या आत ती उतरली, हेल्मेट काढून रस्त्याकडेला ठेवलं आणि त्या बाईच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. तिचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं. "हलू नकोस ग. मी नर्स आहे. तुझं नाव काय?"

बाईचं नाव मॉरीन. साठीच्या आसपासची, निळा ट्युनिक घातलेली. जवळच्या एका गेस्टहाउसमध्ये खोल्या आवरायचं काम करायची, दुपारच्या पाळीला निघाली होती. तिचा उजवा पाय बघवत नव्हता इतका वाकडा झाला होता.

कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला. बायका मुलांचे डोळे झाकून त्यांना पुढे नेऊ लागल्या. कॅम्परव्हॅनवाला दोन मिनिटं थबकला आणि मागचे हॉर्न वाजवायला लागल्यावर सरळ निघून गेला. "अरे थांब की!" उदय त्याच्यामागे दोन पावलं धावला. नालायक माणूस! डोळ्यांसमोर अपघात झाला आणि हा चालता झाला!

विनयने त्याला दंडाला धरून एका आइस्क्रीमच्या दुकानाआड नेलं. विनय ग्रुपमधला हुशार माणूस. सगळ्यांचे व्हिसाचे फॉर्म तोच तपासून द्यायचा. तिथे अंशुमन भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आता शांतपणे ऐका," विनय म्हणाला. "अंशुमनकडे व्हॅलिड लायसन्स नाही. म्हणजे इन्शुरन्स नाही. म्हणजे पोलीस केस, आणि पुढे व्हिसा देणारं होम ऑफिस काय करेल सांगता येत नाही. उदय, गाडी तुझ्या नावावर आहे. इन्शुरन्स तुझा. लायसन्स तुझं. जॅकेट सेम, हेल्मेट सेम. गाडी तू चालवत होतास. सिंपल! अंशुमन गाडी चालवत आलाच नाही, तो माझ्यामागे बसून आला."

"आणि माझी गाडी?"

"ती त्या दुसऱ्या गाडीवर मागे बसलेल्याने चालवत आणली, मावशी त्याच्यामागे. बाकीच्या दोघांना मी सांगतो. इथे कोण मोजायला बसलंय?"

"आणि ती बाई?"

"ती पट्ट्यांच्या बाहेर पडलीय ना? मग ती मध्येच धावत आली. व्हॅनवाला गेला. आपण पाच जण एकच सांगणार. सीसीटीव्ही असला तर तेव्हा बघू." विनयने आवाज खाली आणला. "आपला पोरगा आहे रे. बायको प्रेग्नंट आहे त्याची. तुझ्या लायसन्सवर दंडाचे चार पॉइंट्स पडतील. त्याचं आयुष्य वाचेल."

"दादा," अंशुमन रडवेला होऊन म्हणाला, "माझं तर सगळं गेलं नं आता. निधीला काय सांगू मी?"

उदयने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. चालेल. आपल्या माणसासाठी एवढं करायलाच हवं. शिवाय, आणि हे त्याने स्वतःशीसुद्धा नीट कबूल केलं नाही, यात त्याचीही सुटका होती. लायसन्स नसलेल्या माणसाला जाणूनबुजून आपली गाडी देणं हाही गुन्हाच की! अंशुमनला वाचवता वाचवता उदय अलगद सुटत होता, वर मोठेपणाही मिळत होता.

पोलिसांची गाडी येऊन थांबली. त्यातून एक तरुण पोलीसबाई उतरली आणि गर्दी मागे हटवू लागली. विनय पुढे होऊन अदबीने इंग्रजीत सांगायला लागला, "ऑफिसर, शी केम आउट ऑफ नोव्हेअर."

"खोटं!" रस्त्यावरून किंकाळीसारखा आवाज आला. मॉरीनने मावशीचा हात घट्ट पकडला होता. "मी झेब्रावर होते! मी बघून निघाले होते! तो व्हॅनवाला थांबला म्हणून मी निघाले! सांग ना त्यांना, मी झेब्रावर होते!"

पायाचं हाड मोडलेली बाई पायाबद्दल बोलत नव्हती. ती तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाच काळी जॅकेटं एका बाजूला आणि आपण एकट्या, हे तिला पडल्या पडल्या दिसत होतं.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. पॅरामेडिकांनी मॉरीनचा ताबा घेतला आणि मावशी गुडघ्यांना हात लावत उठली. ती सरळ उदयसमोर येऊन उभी राहिली.

"काय ठरलं तुमचं तिकडे दुकानामागे?"

"मावशी, तुम्ही यात पडू नका. प्लीज."

"गाडी कोण चालवत होतं म्हणून सांगणार आहेस?"

उदय हेल्मेटची काच पुसायला लागला.

"म्हणजे माझा अंदाज बरोबर आहे."

"मग काय करू?" उदयचा आवाज चढला. "पोराला हाकलून देऊ या देशातून? त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू? आपल्या माणसाच्या मागे आपण नाही उभं राहायचं तर कुणी राहायचं? हे गोरे राहणार आहेत?"

"तुझ्या काकांचा पाय कशाने गेला, माहीत आहे तुला?"

"बर्फावरून घसरले होते. आता ते कशाला मध्ये?"

"बर्फ!" मावशी कडवट हसली. "एकोणऐंशी साल. सायकलवरून कारखान्यात चालले होते, सकाळच्या पाळीला. एका गाडीने उडवलं. गाडीत चार मित्र होते. चौघांनी पोलिसांना सांगितलं, हा काळा माणूस दारू पिऊन डुलत मध्ये आला. चौघं एक, आणि हे एकटे. त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. अरे, त्या माणसाने उभ्या आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं! पाय मोडला ते त्यांनी सोसलं. पण आपल्याला दारुडा म्हटलं आणि ते सरकारी कागदावर लिहिलं गेलं, हे त्यांना मरेपर्यंत सोसवलं नाही. कुणाला सांगायचीही लाज वाटायची. म्हणून बर्फ."

काका लंगडत बेसमेंटच्या पायऱ्या उतरायचे ते त्याने शंभर वेळा बघितलं होतं.

"त्या चौघांनाही वाटलं असेल, आपल्या माणसाच्या मागे उभे आहोत," मावशी म्हणाली. "मला वाटायचं, आपल्यावर ते झालंय, निदान आपण तरी दुसऱ्यावर तसं करणार नाही. आणि आज माझ्याच घरची माणसं पाठीवर भगवा पट्टा लावून तेच करतायत! अंशुमनचं वाईट होईल म्हणतोस? होईल. मलाही त्याच्या बायकोची काळजी आहे. पण त्याची शिक्षा तू त्या बाईच्या डोक्यावर ठेवतोयस. तिने काय केलं रे तुझं? ती कामाला चालली होती!"

"मावशी..."

"आणि अंशुमनला वाचवायचंच होतं, तर किल्ली देताना का नाही वाचवलंस? 'काढ, काढ' म्हणून कोण ओरडत होतं? मी मागेच बसले होते, उदय. मला सगळं ऐकू आलं."

उदयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून तो चिडत होता. ट्रॅक्टरवर, कॅरव्हॅनवर, पळून गेलेल्या व्हॅनवाल्यावर. आणि आता पहिल्यांदाच त्याचा राग ज्या माणसावर यायला हवा होता त्याच्यावर आला. वेबसाइट कुणी वाचली होती? आसावरीला उडवून कुणी लावलं होतं? त्या व्हॅनवाल्याला नालायक म्हणताना जीभ कशी अडखळली नाही? तो निदान नुसता निघून गेला. आपण तर थांबून, ठरवून, त्या बाईला खोटं पाडायला निघालो होतो!

पोलीसबाई वही काढून त्यांच्याकडे आली. "ही मोटारसायकल कुणाची?"

"माझी," उदय म्हणाला.

"चालवत कोण होतं?"

विनयने उदयच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. उदयने तो झटकून टाकला.

"मी चालवत नव्हतो. पण आधी माझं लिहून घ्या. ज्याला दिली त्याच्याकडे इथलं लायसन्स नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून मी गाडी दिली. व्हॅनला ओलांडून पुढे जा, हेही मीच सांगितलं. आणि ती बाई झेब्रावर होती. मी मागून बघितलं. ती झेब्रावरच होती."

"उदय! वेडा झालास का?" विनय मराठीत ओरडला. "पोराला मारलंस तू!"

अंशुमन भिंतीपासून उठला. मग त्याने हातमोजे काढले आणि जड पावलांनी पुढे आला.

"आय वॉज रायडिंग," तो पोलीसबाईला म्हणाला. मग स्ट्रेचरकडे वळून त्याने कसंबसं म्हटलं, "आय ॲम सॉरी. यू वेअर ऑन द क्रॉसिंग."

मॉरीनने डोळे मिटले. इतका वेळ घट्ट धरलेली स्ट्रेचरची कड तिने सोडली ती तेव्हा.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर ती थाप होईल. दोघांवरही खटला झाला. दोघांनाही दंड झाला, पॉइंट्स पडले. अंशुमनच्या कंपनीला कळलं. व्हिसाचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे आणि तेव्हा काय होईल हे आज कुणीही सांगू शकत नाही. निधी उदयशी बोलत नाही. ग्रुपवर विनयने लिहिलं, "काही लोक आपल्याच माणसाला बुडवतात." त्याखाली चाळीस अंगठे आले. 'घरभेदी' हा शब्दही कुणीतरी वापरला. उदयने उलट एकच ओळ लिहिली, "माझ्या किल्लीने एका बाईचा पाय मोडला, त्याबद्दल तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही," आणि स्वतः काढलेल्या ग्रुपमधून तो बाहेर पडला. अंशुमनला मात्र तो दर शनिवारी लायसन्सच्या ट्रेनिंगला नेऊन सोडतो. अंशुमन पहिली टेस्ट पास झालाय, दुसरी व्हायचीय. गाडीत दोघं फारसं बोलत नाहीत.

खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मॉरीन भेटली. दोघांनी गुन्हा कबूल केल्यामुळे तिला यायची गरज नव्हती, तरी ती आली होती. हातात काठी. खोल्या आवरायचं काम सुटलं होतं. जिने चढवत नव्हते. उदयने घरून शब्द जुळवून आणले होते. तो उठून उभा राहिला आणि माफी मागू लागला. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"मला सगळे सांगतात, मॉरीन, तुझं नशीब चांगलं, तो माणूस खरं बोलला." तिचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यातला राग सगळ्या कॉरिडॉरला ऐकू गेला. "नशीब? मी झेब्रावर होते. मी झेब्रावर होते हे मानलं जायला मला नशीब कशाला लागावं? तुमचे आभार मानावेत अशी तुमची अपेक्षा असेल तर ते मी मानणार नाही. तेवढं तर तुम्ही करायलाच हवं होतं."

ती काठी टेकत, एकेक पाऊल जपून टाकत निघून गेली. उदय उभाच राहिला.

मित्रहो, परदेशात आपण एकमेकांना धरून राहतो, आणि राहायलाच हवं. पण धरून राहणं म्हणजे एकमेकांच्या चुका झाकणं नव्हे! आपल्या माणसाला वाचवायचं असेल तर किल्ली त्याच्या हातात ठेवण्याआधी वाचवा. तोंडावर विचारा, लायसन्स आहे का? तो रुसेल, ग्रुपवर टिंगल होईल, होऊ दे. आणि एवढं करूनही कुणी रस्त्यावर पडलंच, तर त्याच्याविरुद्ध पाच जण मिळून एक होऊ नका. मोडलेलं हाड डॉक्टर जुळवतात. पण खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवलं, तर ते दुखणं तो मरेपर्यंत सोसतो.